उजव्या नाकपुडीतली नथ

आमच्या घरात डाव्या-उजव्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. माझ्या वडिलांचा, तात्यांचा, इंदापुरात फोटो स्टुडिओ होता. पुढं दुकान, मधे काळा पडदा, पडद्यामागं फोटो धुवायची अंधारी खोली आणि तिला चिकटून आमचं स्वयंपाकघर. कॅमेरा जुन्या पद्धतीचा, पोटाशी धरून वरून वाकून बघायचा. त्याच्या काचेत माणूस सरळच उभा दिसे, पण आरशात दिसतो तसा, डावं ते उजवीकडं आणि उजवं ते डावीकडं. त्यामुळं तात्या गिऱ्हाइकाला "जरा डावीकडं सरका" म्हणाले की ते बिचारं सरके एकीकडं आणि तात्यांना दिसे भलतीकडंच गेलेलं. मग "आवो, डावीकडं म्हनलं मी!" आणि "मग ही काय उजवीकडं हाय व्हय?" असा जो गोंधळ सुरू होई, तो आईनं पडद्याआडून "भिंतीकडं सरका!" म्हणून ओरडेपर्यंत चाले. आई डावं-उजवं कधी म्हणायचीच नाही. भिंतीकडं, दाराकडं, रस्त्याकडं, एवढ्यात तिचं सगळं भागायचं. मलाही तीच सवय लागली. आता मी बारामतीत राहते आणि इथले रिक्षावाले माझ्यावर वैतागतात, कारण मी त्यांना "त्या लिंबाच्या झाडाकडं घ्या" असंच सांगते.

त्या घराचा वास मला आजही कुठंही ओळखता येईल. एका बाजूनं फोटोच्या औषधांचा आंबूस, नाकात चढणारा वास आणि दुसऱ्या बाजूनं लसणाच्या फोडणीचा. भिगवणहून कुणी ओळखीचं आलं की मासे घेऊन यायचं, त्या दिवशी तर कालवणाचा वास थेट दुकानात जायचा आणि लग्नाचा फोटो काढायला नटून बसलेला नवरदेव मधूनच विचारायचा, "तात्या, चिलापी हाय का?" आई एकाच वेळी भाकऱ्या आणि फोटो करायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच करायची. कागद औषधाच्या पाण्यात सोडला की ती इकडं येऊन भाकरी तव्यावर टाकी, पाणी फिरवी, ती उलटवी, आणि भाकरी फुगली की पलीकडं धावत जाऊन कागद उचली. तात्या घड्याळ लावून फोटो धुवायचे आणि त्यांचे कधी काळवंडायचे, कधी फिके पडायचे. आईचा फोटो बिघडला तर भाकरीही करपलेली असायची. धुतलेले फोटो ती काचेवर चिकटवून वाळवायची. वाळले की एकेक फोटो टक् करून काचेवरून सुटायचा. दुपारी आम्ही जेवायला बसलो की मागं ते टक्, टक् चालू असायचं आणि प्रत्येक आवाजाला आई घास हातात धरून मान वळवायची.

लग्न होऊन बारामतीहून आली तेव्हा तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. तिच्या हातात कॅमेरा आला तो बायकांमुळं. त्या काळी खेड्यातली बाई तात्यांसमोर फोटोला बसली की पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची, नजर जमिनीत घालायची आणि दगड व्हायची. तात्या जितकं "हसा, हसा" म्हणत तितकी ती अधिक गोठे. एकदा अशीच एक मुलगी दाखवायच्या फोटोसाठी आली आणि रडायलाच लागली. तात्या कंटाळून चहाला गेले, तेवढ्यात आईनं दार लावून घेतलं आणि कॅमेरा उचलला. त्या फोटोनं मुलीचं लग्न जमलं. मग तालुकाभर झालं, बायांचे फोटो वैनी काढतात. आई पिशवीत कॅमेरा घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून एसटीनं बावड्याला जायची, नरसिंहपूरला जायची, आणि सुट्टी असली की मला बरोबर न्यायची. ती कुणालाही हसा म्हणायची नाही. कॅमेऱ्यावर वाकून, खाली बघतच, अगदी सहज विचारायची, "सासूबाईंनी आज काय शिजवलं?" या प्रश्नावर बाईचा चेहरा जो काही होतो, तो तुम्ही कधी बघितला नसेल. कुणी भुवया उडवायची, कुणी तोंडावर हात घ्यायची, कुणी मोकळं हसायची. खट्! काम झालं.

आणि आता माझा जुना राग सांगते. दुकानाच्या दर्शनी काचेत जे फोटो लावलेले असत, ते जवळजवळ सगळे आईनं काढलेले होते. बाजाराच्या दिवशी लोक काचेला नाक लावून ते बघत आणि म्हणत, "तात्याचा हात म्हंजी हात हाय!" तात्या गल्ल्यामागं बसून मान डोलवत. ते वाईट नव्हते हो. जीव लावणारे होते, आईच्या हातचं जेवल्याशिवाय कुठं जायचे नाहीत, पण कौतुक समोर आलं की त्यांना ते खाली ठेववत नसे. प्रत्येक फोटोच्या मागं शिक्का त्यांच्याच नावाचा. मी चिडून आईला विचारायची, "तू बोलत का नाहीस?" ती ब्रशच्या टोकानं कुणाच्या तरी गालावर गुलाबी रंग चढवत म्हणायची, "मंदे, फोटो मागून कोन बघतंय?" पण तिला हवं होतं. मला माहीत होतं की तिला हवं होतं. दिवाळी अंकात कुणा फोटोग्राफरचं नाव छापलेलं दिसलं की ती त्यावरून बोट फिरवायची.

तर त्या वर्षी बेंदराच्या दिवशी आम्ही बावड्याला हौसाबाईंकडं गेलो. हौसाबाई म्हणजे आईची आवडती बाई. उंच, काळीसावळी, आवाज असा की उसाच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जावा. तिला आपल्या बैलाबरोबर फोटो हवा होता. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू आणि ठसठशीत मोत्यांची नथ घालून ती बैलाजवळ उभी राहिली. बैलाची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, मागं डोक्यापेक्षा उंच ऊस. तिनं पुरणपोळी बैलापुढं धरली. आईनं कॅमेऱ्यावर मान वाकवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. हौसाबाई म्हणाली, "सासूनं? सासूनं शिजवलं आस्तं तर ह्यो बैल बी उपाशीच ऱ्हायला आस्ता!" आणि नेमकं त्याच वेळी बैलानं पोळी सोडून तिचा कोपर चाटला. ती जी हसली! मान मागं, दात सगळे दिसतायत, नथ हवेत उडालेली. खट्. आई कॅमेरा खाली घेऊन मला म्हणाली, "आला गं!" मी इतक्या वर्षांत तिला तशी कधी पाहिली नव्हती, आनंदानं तिला धाप लागली होती.

काळ्यापांढऱ्या फोटोला तिनं स्वतः रंग भरले. लुगडं, ऊस, शिंगं, मोती, एकेक मोती. फोटो काचेत लावला आणि आमच्या भागातल्या साखर कारखान्याचा माणूस तो बघून थांबला. कारखान्याचं कॅलेंडर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ते सगळ्या सभासदांना जातं. तालुक्यात ज्या भिंतीला खिळा आहे तिथं ते वर्षभर असतं. त्यावर देवाचा नाही तर चेअरमनचा फोटो असायचा. त्या वर्षी त्यांना शेतकऱ्याच्या घरचा हवा होता, आणि खाली काढणाऱ्याचं नाव छापणार होते! तात्या फोटो घेऊन निघाले तेव्हा आईनं त्यांना दारात अडवलं. सगळ्या संसारात तिनं मागितलेली मला आठवणारी ही एकच गोष्ट. म्हणाली, "आवो, ह्या फोटोला माझं नाव सांगा." तात्या म्हणाले, "सांगतो की, त्यात काय." संध्याकाळी परत आल्यावर तिनं विचारलं, "सांगितलं?" तात्या चप्पल काढण्यात फार गुंतले होते. "सांगितलं, सांगितलं," म्हणाले.

कॅलेंडर आलं तेव्हा मी शाळेतून धावत आले होते. आईनं सुरळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि आम्ही तिघंही वाकलो. काय फोटो दिसत होता! आईचा हिरवा रंग, आईचे मोती, हौसाबाईचं हसू, आणि केवढं मोठं! आईनं हळूच बोट खाली नेलं. तिथं छापलं होतं, छायाचित्र : श्री. वसंतराव, इंदापूर. वसंतराव म्हणजे आमचे तात्या. आईनं वाट्या उचलल्या, त्या आत नेऊन ठेवल्या. तात्या म्हणाले, "त्यांनी स्टुडिओच्या मालकाचं नाव इचारलं गं, मग मी काय सांगनार?" आतून भाकरी थापायचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जोरात. मी तात्यांशी बोलणं बंद केलं. आणि गंमत बघा, त्या फोटोवर आम्ही तिघं एवढे वाकलो होतो, पण त्यात काय चुकलंय ते एकालाही दिसलं नाही.

ते दिसलं बाजाराच्या दिवशी. तात्यांनी कॅलेंडर दुकानाच्या दारातच टांगलं होतं. भाजी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आगं बया, हिची नथ उजवीकडं कशी?" दुसरी थांबली. तिसरी थांबली. मग पुरुष थांबले. आपल्याकडं नथ डाव्या नाकपुडीत घालतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि कॅलेंडरवरच्या हौसाबाईच्या नथीनं मात्र बाजू बदलली होती. छापखाना दुसऱ्या मुलखातला होता. बैलाचं तोंड कारखान्याच्या नावाकडं यावं म्हणून त्यांनी फोटो सरळ पालटून टाकला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आणि आम्ही घरातले? आम्ही जन्मभर कॅमेऱ्याच्या काचेत नथा उजवीकडंच बघत आलो होतो! आम्हाला तो फोटो अगदी बरोबर वाटला.

दारात ही गर्दी जमली. जो तो आपापल्या घरचं कॅलेंडर आठवून ओरडत होता. "तात्या, आवो वरीसभर ही उलटी बाई भितीवर बघायची का आमी?" "तात्या, हात फिरला का तुमचा?" "नाव तर ठळक छापलंय, आन् नथीची बाजू ठावं न्हाय?" तात्या लालबुंद झाले. छापखान्याची चूक त्यांच्या अजून ध्यानात आली नव्हती, त्यांना वाटलं खरंच काहीतरी उलटं काढलं गेलंय. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि एकदम उभं राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "आरं, फोटो मी न्हाय काडला! हिनं काडलाय! आमच्या हिनं!"

काळा पडदा सरकला. आई बाहेर आली. हात औषधानं ओले, पदर खोचलेला, आणि चेहरा असा की मला वाटलं आता ही हौसाबाईसारखीच हसणार. ती तात्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काय म्हनालात? पुन्यांदा म्हना की. जरा मोठ्यानं."

तात्या मागं सरकून गल्ल्याला टेकले. मग गर्दीतलंच कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळे हसत सुटले. पहिल्यांदा तात्या हसले नाहीत, पण मग त्यांच्याही मिशा हलल्या. आई आत गेली आणि मूळ फोटो घेऊन आली. कॅलेंडरशेजारी धरला. नथ डावीकडं, जिथं असायला हवी तिथं. "फोटो माझाय," ती म्हणाली, "आन् सरळ हाय. छापणाऱ्यानं पालटलाय." फोटो माझाय! इतक्या वर्षांत ती हे दोन शब्द बोलली नव्हती आणि आता ती भर बाजारात ते बोलत होती.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि बावड्याची हौसाबाई स्वतः आत शिरली, काखेत सुरळी. "वैनी!" तिनं सुरळी आईसमोर आपटली. "सासू म्हनती, कुनाची नथ घालून नाचत व्हतीस? आता ही नथ जागच्या जागी बसवा. त्याशिवाय मी कॅलेंडर घरात न्हेत न्हाय." आई मला म्हणाली, "मंदे, ब्रश आन. आन् खोडायचं ब्लेड."

दुकानाच्या टेबलावर भर उजेडात तिनं काम केलं आणि लोक पाहत राहिले. फोटोवरचे डाग खरवडायचं ते बारीक ब्लेड घेऊन तिनं उजवीकडचा एकेक मोती उचलला, त्या जागी हौसाबाईच्या गालाचा रंग भरला, आणि मग दुसऱ्या नाकपुडीत नवी नथ काढली. मी रंग कालवून देत होते. श्वास घ्यायचीही चोरी. मागून कुणीतरी म्हणालं, "पदर बी फिरलाय की." आई मान वर न करता म्हणाली, "पदर डोक्यावरनं हाय, कळत न्हाय. गप उभं ऱ्हावा." नथ पुरी झाली आणि हौसाबाई तिच्यावर वाकली. आनंदानं तिनं आईच्या पाठीत धपाटाच घातला. मग तिचं बोट खाली छापलेल्या ओळीवर गेलं. "हितं काय लिव्हलंय?"

आई म्हणाली, "ह्यांचं नाव."

"त्यांचं? पर फोटू तर तुमी काडला. मी समोर हुते की!"

सगळ्या बाजारानं तात्यांकडं बघितलं. मीही बघितलं, आणि खरं सांगते, मला त्यांची भीती वाटली. तात्या उठले. टेबलाशी आले. आईच्या हातातून ते ब्लेड घेतलं आणि ज्या हाताला डाग खरवडायची सवय नव्हती त्या हातानं, ओठ दाबून, कागद फाटू न देता, स्वतःचं छापील नाव खरवडून काढलं. खरवडलेला भुगा फुंकला. मग काळ्या शाईचा टाक बुडवून तो आईपुढं धरला. "लिव्ह," म्हणाले. आईनं टाक घेतला. मला वाटलं आता ती सौभाग्यवती अमुक, भ्रतार तमुक असं सगळं लिहिणार. तिनं लिहिलं, छायाचित्र : कमल. शाई वाळेपर्यंत ती त्याच्यावर हळूहळू फुंकर घालत राहिली.

पुढं किती दिवस आमच्या दारात लोक सुरळ्या घेऊन येत होते! भिगवणचे, बावड्याचे, नरसिंहपूरचे. एसटीतून उतरायचे ते थेट आमच्याकडं. कुणी येताना वांगी आणायचं, कुणी काकवी, कुणी मासे. दुकानाला जत्रेची कळा आली होती. काम वाटून घेतलं होतं, आणि ते कुणी सांगून नव्हे, आपोआप. मी रंग कालवायची, आई नथ बसवायची, आणि तात्या, काय सांगू, तात्या खाली बसून एकामागून एक आपलं नाव खरवडायचे. पहिले काही वेडेवाकडे झाले, मग हात बसला. येणाऱ्याला स्वतःच ओरडून सांगायचे, "हिनं काडलाय बरं का फोटो! नाव बगून घ्या!" आई नथ काढता काढता गालात हसायची. तिच्या नखांचा औषधानं पिवळा पडलेला रंग त्या वर्षी मला पहिल्यांदा सुंदर वाटला. तालुक्यातल्या किती घरांतून तिच्या हातचं नाव त्या वर्षी भिंतीवर होतं, ते कुणी मोजलं नाही.

सगळ्यांची कॅलेंडरं सुधारून झाली आणि आमच्या घरचं तेवढं राहिलं. मी ते टेबलावर पसरलं आणि ब्रश पुढं केला. आईनं ब्रश बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ह्याला हात लावू नको. मला त्या दिवशी कॅमेऱ्यात हौसाबाई अशीच दिसली व्हती." तात्यांनी ब्लेड उचललं, नाव काढायला वाकले. आईनं त्यांचा हात धरला. "ते बी राहू द्या," म्हणाली. तात्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आगं, का?" आई म्हणाली, "सुलटा फोटो माझा. उलटा तेवढा तुमच्या नावावर असू दे."

आज दोघंही नाहीत. ते कॅलेंडर चौकटीत बसवून माझ्या बारामतीच्या घरात लावलंय. आता माझी नात मोबाइलवर काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आपलं नाव घालते आणि मी तिला म्हणते, घाल बाई, मोठं घाल. येणारे पाहुणे त्या फोटोसमोर थांबतात. नथीची चूक हल्ली कुणाला दिसत नाही. खालची ओळ मात्र वाचतात आणि म्हणतात, "वा, तुमच्या वडिलांचा हात काय होता!" मी याचीच वाट बघत असते. खुर्चीवरून उठते, पदर खोचते आणि तात्या भर बाजारात म्हणाले होते तसं, आईला हवं होतं तसं, जरा मोठ्यानं म्हणते, "फोटो मी न्हाय काडला! हिनं काडलाय!"